मिठागरातली आत्या आणि बर्फाचा डोंगर

पेण-रोह्याच्या ई-मेल गटातल्या मित्रांनो, व्हिडिओ गेम आपल्याला आखलेल्या रस्त्यावरूनच पळवतात, ही आपली सर्वांची जुनी तक्रार. आज दुपारी मी ती मागे घेतली.

पेणच्या स्टँडजवळच्या गेम पार्लरमध्ये मालक नंदूशेठने फळीवरून बर्फात घसरायचा नवा गेम आणलाय. मी खेळत होतो. बाजार आटोपून माझी आत्या मला शोधत आली. तिचा जन्म मिठागरात गेलेला. पडदा पाहून ती थबकली.

"आगो बाय! येवढं मीठ? आन् पावसाआधी झाकलं नाय?"

सगळे हसले. नंदूशेठ म्हणाला, "आत्या, बर्फ हाय तो. बसा, घसरा!"

ती माझ्या जागी बसली आणि आखलेला उतार सोडून भलतीकडेच निघाली. "पलीकडं काय हाय ते बघू दे."

आणि डोंगराने तिला जाऊ दिलं! कडा, जंगल, गोठलेलं तळं, कुठेही अडवणूक नाही. मी थक्क होऊन पाहत राहिलो.

उणिवा आहेत. कड्यावरून पडलं तरी खरचटत नाही, म्हणून भीती लवकर मरते. आत्यानेही विचारलंच, "येवढ्या मुलखात माणूस नाय एक बी?"

तरीही एवढं मोकळं जग मी पडद्यावर कधी पाहिलं नव्हतं. आणि नंदूशेठ सोमवारी ही सीडी परत करणार आहे! गिऱ्हाइकं म्हणतात, यात जिंकायचं काय? त्यांना मारामारीच हवी.

रविवारी दुपारी चारला पार्लरमध्ये या आणि नंदूशेठकडे हाच गेम मागा.