पडदा कुणासाठी ओढतात

तुमच्या घरातल्या खिडकीचा पडदा ओढायला तुम्हाला कुणाची परवानगी लागते?

आम्हाला लागली. आम्ही ती मागितली. हात जोडून मागितली. मिळाली नाही.

कोल्हापुरातल्या एका कॉलेजचा मोठा हॉल. शाळकरी मुलांची रोबोट फुटबॉलची स्पर्धा. मी तेव्हा नववीत. सोबत वर्गातली शुभी आणि आमचे विज्ञानाचे सर. गाव गारगोटीच्या पुढं, आत. पहाटेच्या एसटीनं आलेलो. रोबोट गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेतलेले. सरकी पेंडीचं गोणपाट. घरी म्हशी, त्यामुळं गोणपाटाला तोटा नाही. आणि एसटीच्या हादऱ्यांना त्याच्याइतकं मऊ दुसरं काही आमच्याकडं नव्हतं.

दारातल्या टेबलावर एक मुलगी नावं घेत होती. तिनं नाकाला रुमाल लावला.

"ते पोतं बाहेर ठेवा. वास येतोय. आणि रोबोट कुठंयत तुमचे?"

शुभीनं गोणपाट उघडून दाखवलं, रोबोट त्यातच होते, म्हणून ते आत नेऊ दिलं. त्या मुलीनं शेजारणीकडं बघितलं आणि दोघी हसल्या. हसण्याची सुरुवात तिथं झाली. आम्हीही हसलो. काय करायचं ते कळलं नाही की माणूस हसतो.

ज्यांनी हा खेळ बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते. दोन बाजली जोडावीत एवढं हिरव्या गालिच्याचं मैदान. चारी बाजूंनी बुटकी भिंत. प्रत्येक संघाचे दोन रोबोट. हातात रिमोट नसतो. शिट्टी वाजली की तुम्ही पांढऱ्या रेघेमागं जायचं आणि बघत राहायचं. रोबोटला तुम्ही जे शिकवलंय ते शिकवलंय. आता तो त्याच्या अकलेनं खेळणार. चेंडूतून एक उजेड निघतो, माणसाला न दिसणारा. रोबोटला तो दिसतो. तो त्या उजेडाच्या मागं पळतो.

आमचा गोलकीपर म्हणजे नाना, कारण तो चावडीवरच्या म्हाताऱ्यासारखा जागचा हलायचा नाही. पुढं खेळणारी चिंगी. चिंगी माझी. तिचा प्रत्येक स्क्रू मी पिळलेला.

या खेळाला एक वैरी आहे. ऊन. चेंडूतला तो न दिसणारा उजेड उन्हातही असतो, आणि चेंडूपेक्षा कितीतरी जास्त असतो. महागड्या रोबोटच्या डोळ्यांना बऱ्यापैकी फरक कळतो. आमच्या स्वस्तातल्या डोळ्यांना नाही. हे आम्हाला पुस्तकात सापडलं नव्हतं. शाळेतल्या एका रिकाम्या खोलीत पहिल्यांदा चिंगी चालू केली तेव्हा ती चेंडू सोडून थेट दाराकडं पळाली, उंबऱ्याला धडकली आणि तिथंच चाकं फिरवत राहिली. शुभी म्हणाली, हिला बाहेर जायचंय. परत ठेवली, परत दार. सरांनी रात्री फोनवर कुठं कुठं वाचलं आणि सकाळी येऊन सांगितलं की ही उन्हाला चेंडू समजतीय. मग आम्ही त्या खोलीच्या खिडक्यांना दुहेरी गोणपाटं ठोकली. आत मिट्ट काळोख आणि पेंडीचा वास. त्या काळोखात चिंगी खेळायला शिकली.

ती खोली आमची नव्हती. हेडसरांनी तात्पुरती दिली होती. त्यांचं म्हणणं साधं होतं: खिचडीचे तांदूळ ठेवायला जागा नाही, उंदीर लागतात. कोल्हापूरला जाऊन एक मॅच जिंकून या, खोली तुमची. नाहीतर तांदळाची. आमच्या मागून सातवी-आठवीची पोरं त्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहायची, आम्हालाबी शिकवा म्हणायची. म्हणजे आम्ही स्पर्धेला गेलो होतो ते कप आणायला नाही. एका खोलीसाठी.

आणि आम्हाला मैदान मिळालं खिडकीजवळचं.

उंच खिडकी. कडेला जाड निळा पडदा, दोरीनं बांधून ठेवलेला. अर्ध्या गालिच्यावर ऊन. बघताक्षणी शुभीनं माझा हात दाबला. मी सरांना सांगितलं. सर संयोजक मॅडमकडं गेले. सर आमच्या शाळेत मोठ्यानं बोलतात, तिथं त्यांचा आवाज मला ऐकूच आला नाही. फक्त जोडलेले हात दिसले. परत येऊन म्हणाले, थोड्या वेळानं प्रमुख पाहुणे येणार आहेत, पडदा ओढला तर फोटो काळे येतात. शिवाय नियमात आहे, हॉलमध्ये असेल त्या उजेडात खेळायचं. "ऱ्हाऊ दे," सर म्हणाले. "खेळा जसं जमंल तसं."

नियमात होतं हे खरं. मी नाकारत नाही.

मग मी स्वतः गेले. मॅडम कुणाशी तरी बोलत होत्या. त्या थांबेपर्यंत मी उभी राहिले. मग म्हणाले:

"मॅडम, मी सांगायला आलतो. आमच्या मैदानावर ऊन पडतंय. तेवढा पडदा ओढा की."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. प्रेमानंच, मांजराच्या पिल्लाकडं बघतात तसं.

"आलतो? मुलगी आहेस ना तू?"

"व्हय."

"मग आलतो काय? आले होते म्हण."

मी म्हणाले, "आले होते."

"गुड," मॅडम म्हणाल्या, आणि गेल्या.

आमच्याकडं बायका अशाच बोलतात. माझी आई म्हणते, मी धार काढून येतो. शुभीची आई म्हणते, मी बाजारला गेलतो. त्यामुळं त्यांचं बाईपण कुठं सांडलं नाही. पण त्या दिवशी मी पडदा मागायला गेले आणि क्रियापद दुरुस्त करून परत आले. त्यांनी सांगितलेलं मी बरोबर म्हणून दाखवलं. पडदा होता तिथंच होता. मला आजही त्याचीच चीड येते, की मी म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले.

शिट्टी वाजली.

चिंगी एकदा जागेवर फिरली, आणि खिडकीकडं निघाली. भिंतीला धडकली. मागं आली. परत धडकली. चेंडू तिच्या पाठीमागं होता. समोरच्या शाळेच्या रोबोटनं तो शांतपणे नेला. नाना उन्हात आंधळा होऊन उभा. गोल. परत मांडणी, परत शिट्टी, परत खिडकी. परत गोल.

रेघेमागं उभं राहून बघायचं. काय करताय? ओरडून उपयोग नाही, तिला कान नाहीत. हात लावला तर बाद. मला माहीत होतं ती का पळतीय. शुभीला माहीत होतं. सरांना माहीत होतं. त्या हॉलमध्ये चिंगी वेडी नाही हे आम्हा तिघांनाच माहीत होतं, आणि आम्हाला कुणी विचारत नव्हतं.

माईकवर एक कॉलेजचा मुलगा होता. मॅच रंगवून सांगायचं त्याचं काम. त्याच्या हातात आयतं काहीतरी आलं. तोपर्यंत शुद्ध बोलत होता, आता त्यानं आवाज बदलला.

"ओ पावणं, चेंडू हिकडं हाय की. गारगोटीची यष्टी खिडकीतनं सुटत न्हाय."

सगळा हॉल हसला. पालक हसले. परीक्षक हसले. प्रमुख पाहुणे नुकतेच येऊन बसले होते, त्यांना कुणीतरी कानात सांगितलं, मग तेही हसले. मुलगा खूश झाला. "पावण्यांचा रोबोट लाजतोय," म्हणाला. "परक्या गावात आलाय, त्येला घरची ओढ लागलीया."

तो कोल्हापूरचाच होता. त्याच्या घरीही कुणीतरी हाय म्हणत असणार, न्हाय म्हणत असणार. आपल्याच घरातल्या माणसांचा आवाज काढून तो लोकांना हसवत होता, आमच्यावर हसवत होता. आणि पावणं हा शब्द. आमच्याकडं ज्याला पावणं म्हणतात त्याला आधी पाण्याचा तांब्या देतात. मग विचारतात, कुठनं आलासा. पाणी न देता पावणं म्हणणं मी पहिल्यांदा ऐकलं.

शुभी रडत होती, तोंड न हलवता. सर जमिनीकडं बघत होते. मी रेघेमागं उकिडवी बसले होते. चिंगी भिंतीला डोकं लावून चाकं फिरवत होती. तिला वाटत होतं चेंडू त्या भिंतीपलीकडं आहे. तिला आम्हीच सांगितलं होतं, उजेडाकडं जा. ती प्रामाणिकपणे जात होती आणि लोक पोट धरून हसत होते.

मी उठलो.

हो, उठलो. मला दुसरं क्रियापद इथं चालत नाही.

पायाशी गोणपाट होतं. ते उचललं. रेघ ओलांडली. खिडकीपाशी गेलो आणि दोन्ही हातांनी गोणपाट उन्हासमोर ताणून धरलं. गालिच्यावरचं ऊन विझलं.

मान वळवून बघितलं. चिंगी थांबली. मागं सरली. आम्ही तिला शिकवलं होतं, काही दिसलं नाही तर स्वतःभोवती फीर आणि शोध. ती फिरली. पूर्ण एक गिरकी. आणि तिला चेंडू दिसला. ती निघाली, सरळ, काळोख्या खोलीत निघायची तशी. हसणं थांबलं. मी लोकांकडं पाठमोरी होतो तरी मला ते थांबलेलं ऐकू आलं.

ती चेंडूपर्यंत पोचली आणि शिट्टी वाजली.

खेळाडूनं रेघ ओलांडली. संघ बाद. रेफ्रीनं चिंगीला वरनं धरून उचललं. तिची चाकं हवेत फिरतच होती.

मॅडम आल्या. मी काही बोलायच्या आत सर पुढं झाले आणि म्हणाले, "गावाकडची पोरं हायत. चुकलं त्यांचं. माफ करा." सरांवर माझा राग नाही असं मी तेव्हापासून सांगत आले. तो आहे. पण त्यांना हात जोडायला ज्यानं शिकवलं, त्याच्यावर जास्त आहे.

आम्ही लगेच निघालो नाही. सर म्हणाले, बाकीच्या मॅच बघा, शिकायला मिळंल. मिळालं. दुपारी त्याच मैदानावर शहरातल्या एका नावाजलेल्या शाळेची मॅच होती. एकसारखे टीशर्ट, रोबोटला चाकं लावलेली पेटी, स्वतःचा कोच. सरावात त्यांचा रोबोट खिडकीकडं थोडासा वळला. थोडासाच. कोचनं एक बोट वर केलं. हात जोडले नाहीत, चालत गेला नाही, बोट. मॅडमनी शिपायाला हाक मारली, त्यानं दोरी सोडली आणि निळा पडदा सरसर ओढला. हॉलभर सावली झाली. फोटोग्राफरनं कॅमेऱ्यावर फ्लॅश लावला आणि फोटो काढायला लागला.

फ्लॅश सकाळीही त्याच्या गळ्यातल्या पिशवीत होता.

मी सरांकडं बघितलं. सर म्हणाले, "चला. यष्टी चुकंल."

त्या खोलीत आता तांदूळ आहेत. आम्ही ठोकलेली गोणपाटं कुणी काढली नाहीत, काळोखात तांदूळ चांगला राहतो म्हणे. शुभीनं त्यानंतर रोबोटला हात लावला नाही. दाराशी उभी राहणारी पोरं काही दिवस आली, मग यायची थांबली. आमच्या शाळेतून परत कुणी गेलं नाही. हे मी बदलू शकले नाही. आजही बदलू शकत नाही.

मी आता कोल्हापुरात डिप्लोमा करते. चांगली प्रमाण भाषा लिहिते, हे तुम्ही बघताच आहात. पण कुणी दुरुस्त करायला आलं की मी आलतो म्हणते, गेलतो म्हणते, मुद्दाम, मोठ्यानं. आणि अशी स्पर्धा जिथं असेल तिथं जाते. कुणी बोलावत नाही. पिशवीत गोणपाट आणि सुतळी असते. आधी कुठल्या मैदानावर ऊन आहे ते बघते, मग तिथं कुठली शाळा खेळणार ते बघते. बहुतेक वेळा अंदाज बरोबर येतो. मग मी खिडकीपाशी जाते. विचारत नाही. दोनदा मला बाहेर काढलंय. पुढच्या वेळी परत जाणार.

मी एकटी किती खिडक्यांना पुरणार?

तुम्ही पालक म्हणून जाल, परीक्षक म्हणून, नाहीतर हार घालून घ्यायला पाहुणे म्हणून. कुणा पोराचा रोबोट चेंडू सोडून भिंतीला डोकं आपटायला लागला आणि माईकवाल्यानं गंमत केली, तर हसायच्या आधी एकदा त्या रोबोटच्या नजरेनं वर बघा. ऊन दिसलं तर खुर्ची सोडा. कुणाची मॅच चालू आहे ते विचारू नका. संयोजकांनाही विचारू नका.

आमच्यासाठी हळहळू नका. उठा आणि पडदा ओढा.