वीतभर उंच गाडी

मी मासे विकतो. मूल गावच्या बाजारात माझा ओटा आहे आणि आजूबाजूच्या गावांतल्या तलावांवरचा माल मी उचलतो. सुरुवात सायकलवर टोपली बांधून केली. गाडी नंतर आली, तीही लिलावातून. जुनी, चारही चाकांनी ओढणारी. ती सुरूच होत नाही असं बाकीच्या बोली लावणाऱ्यांना वाटत होतं. बॅटरीची वायर सैल आहे हे मला दिसलं होतं. मी गप्प राहिलो.

माझा साडभाऊ, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, तेव्हा बेकार होता. त्याला मी सोबत घेतलं. मरळ किती वेळ जिवंत राहते, बर्फ कुठल्या थरात घालायचा, कुठल्या गावात कोणाशी आधी बोलायचं, सगळं मी शिकवलं. सगळं शिकून झाल्यावर त्याने नवी पिकअप घेतली आणि माझ्याच तलावांवर फिरू लागला. याबद्दल मला जे वाटतं ते मी घरात पुष्कळ वेळा बोललो आहे. इथे एवढंच पुरे.

आमच्या भागात तलावाला मातीची उंच पाळ असते. पाळीच्या एका बाजूला धानाची शेतं आणि त्यापलीकडे रस्ता, दुसऱ्या बाजूला पाणी. उन्हाळ्यात पाणी आटत आटत पाळीच्या पायथ्याशी येतं आणि तेव्हा मोठं जाळं पडतं. मासे रस्त्यापर्यंत न्यायचे तर बायकांना डोक्यावर ओझं घेऊन पाळ चढायची, उतरायची आणि बांधाबांधाने चालत जायचं. माझी गाडी मात्र पाळ ओलांडून थेट पाण्याजवळ जायची. म्हणून अशाच एका तलावाच्या मासेमार सोसायटीचा माल वर्षानुवर्षं मला मिळाला.

एका उन्हाळ्यात भरलेली गाडी पाळीच्या माथ्यावर अडकली. माथा धारेसारखा निमुळता आहे. गाडीचं पोट त्यावर टेकलं आणि चाकं नुसती फिरत राहिली. साडभाऊ रस्त्यावरून चालत आला, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊ, गाडी म्हातारी झाली. बसली बिचारी."

हसले सगळे. मग बायकांनी माझ्या गाडीतला माल काढून डोक्यावरून त्याच्या पिकअपमध्ये नेला. ऊन चढत होतं, मासे खराब झाले असते, त्यामुळे दुसरा उपाय नव्हता हे मला समजत होतं. तरी माझ्या डोळ्यांसमोर माझा माल माझ्याच गाडीतून उतरून त्याच्या गाडीत गेला.

सोसायटीचा अध्यक्ष वयाने मोठा, कमी बोलणारा माणूस. तो म्हणाला, "पुढच्या उन्हाळ्यात गाडी पाण्यापाशी येऊन मालासकट वापस गेली, तर तलाव तुहा. नाई तं रस्त्यावर गाडी त्याचीबी हाये."

दोष कशात होता ते मी घरी आल्याबरोबर पाहिलं. कमानपाटे बसले होते. चाकांवरचा भार तोलणारे हे पोलादी पाटे कमानीसारखे वाकलेले हवेत, माझे सरळ झाले होते. माशांच्या बर्फाचं पाणी वर्षानुवर्षं खाली गळून पाट्यांनी गंज धरला होता. चंद्रपूरला गेलो. पार्टवाला म्हणाला, या गाडीचा माल आता येत नाही. मी दुकानासमोर स्टूल टाकून बसलो आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगू लागलो की या दुकानात माल मिळत नाही. जेवणाच्या सुमाराला त्याच्या गोदामात माल सापडला.

नुसते पाटे बदलले तर गाडी पूर्वीइतकीच उंच झाली असती. मला तेवढं पुरणार नव्हतं. प्रत्येक चाकावर एक पाटा जास्तीचा घालायचा, पाटे लटकतात ते दुवे लांब करून घ्यायचे आणि टायर मोठे बसवायचे असं मी ठरवलं. काम घरच्या अंगणातच केलं. गॅरेजवाल्याला दिलं असतं तर संध्याकाळपर्यंत साडभावाला कळलं असतं.

अंगणात जांभळाचे ओंडके रचले, जॅकने एकेक बाजू उचलून ओंडक्यांवर टेकवली. जुने बोल्ट गंजून एकजीव झाले होते. डिझेल पाजून रात्रभर ठेवले तरी हलेनात. एकदा मी रागाने पाना फेकला तो पाण्याच्या ड्रमला लागला. पोचा अजून आहे. बायको दारात येऊन म्हणाली, "ड्रमानं काय बिघडवलं जी तुमचं? बहिणीकडचं जेवणाचं बोलावणं आलं तं जायचं नाई, आन इथी लोखंडाशी भांडून राह्यले."

मी म्हणालो, "लोखंड शिकून पळून नाई जात."

ती आत गेली.

गाडी उंच केली की एकातून दुसरं काम निघतं. ब्रेकचा रबरी पाइप ताणला गेला, तो लांब घ्यावा लागला. इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा दांडा तिरपा झाला आणि गाडी वेगात थरथरू लागली. वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी पाचरी कापून आणल्या आणि पाट्यांखाली बसवून तो कोन पुष्कळसा काढला. धक्के झेलणारे शॉकअप आखूड पडले, तेही बदलले. शेवटी पुढच्या चाकांची लॉकं उघडून, धुऊन, ग्रीस भरून बसवली. आमच्या गाडीत पुढची चाकं ओढायला लावायची तर खाली उतरून ही लॉकं हाताने फिरवावी लागतात. पुन्हा उभी केली तेव्हा गाडी वीतभर उंच झाली होती. बायकोला चढायला मी ओंडका लावला. तिने ओंडक्याकडे पाहिलं आणि बाजाराला पायी गेली.

वैशाखात जाळं पडलं. मी रिकामी गाडी पाळीवरून उतरवली. माथ्यावर खाली काही वाजतं का म्हणून कान देऊन होतो. काही वाजलं नाही. खाली उतरून गाडी वळवली, तोंड पाळीकडे आणि मागचा फाळका पाण्याकडे. साडभावाची पिकअप रस्त्यावर उभी होती आणि तो पाळीवर येऊन बसला होता. हेच मला हवं होतं.

पुरुष जाळ्यात होते. बायकांनी पहिलं कॅरेट भरलं, दोघींनी दोन बाजूंनी धरलं आणि उचलून फाळक्याशी आणलं. पूर्वी फाळका त्यांच्या कमरेशी यायचा. आता छातीशी आला. कॅरेट वर गेलं नाही. त्यांनी ते परत खाली ठेवलं.

त्यांच्यातली सगळ्यात मोठी बाई कमरेवर हात ठेवून गाडीकडे पाहत राहिली. "भाऊ, गाडी तुमची वाढली. आमी नाई वाढलो."

"चौघी लागा ना एका कॅरेटाले."

"मंग मासोळ्या कोन भरन? तुमचा साडभाऊ?" बाकीच्या हसल्या. "त्याची गाडी रस्त्यावर हाये, पन झाडावर तं नाई चढली."

माझं डोकं सणकलं. वर्षभराचं काम होतं ते. मी आवाज चढवून म्हणालो की डोक्यावर घेऊन बांधांवरून जायचं वाचतं त्याचं काही नाही का. ती शांतपणे म्हणाली, "वाचते तं. म्हनूनच बोलून राह्यलो. नाई तं गेलो असतो कवाच्या."

मी फळी लावतो म्हणालो, फळीवरून कॅरेट वर ढकला.

"वल्ली फळी, वल्लं कॅरेट. घसरून पाय मोडला तं दवाखान्यात तुमी न्याल? तितं बी याच गाडीत चढवसान?"

आयुष्यभर मी घासाघीस करत आलो आहे. समोरच्याला घाई असली की सौदा आपला, हे मला चांगलं ठाऊक आहे. इथे घाई मला होती. मासे उन्हात तडफडत होते, पाळीवर एक जण खर्रा घोटत होता आणि अध्यक्ष जाळ्यातूनच आमच्याकडे पाहत होता.

"मंग काय करू? चाकं काढू?"

"चाकं नका काढू," बाई म्हणाली. "जमीन काढा."

तिने फावडं आणून माझ्यासमोर ठेवलं. आधी मला कळलंच नाही. मग कळलं. पुरुष सगळे पाण्यात होते, बायकांचे हात मालात होते. मोकळा मीच होतो.

वरची माती भेगाळलेली, टणक होती, खाली ओल लागली. मागच्या दोन चाकांसाठी दोन खड्डे खणले, वीतभर खोल, पुढच्या बाजूला उतार ठेवून. मी गुडघे टेकून माती काढत होतो. पाळीवरून आवाज आला, "भाऊ, गाडी पुरून राह्यले का?" मी मान वर केली नाही.

गाडी मागे घेऊन खड्ड्यांत उतरवली. फाळका बायकांच्या कमरेशी आला. भराभर कॅरेटं चढली.

भरलेली गाडी ओल्या खड्ड्यांतून काढायची आणि माथ्यावरून न्यायची, हे खरं काम. मी उतरलो, दोन्ही लॉकं फिरवली, वर चढलो. पहिल्या झटक्याला मागची चाकं फिरली आणि खाली गेली. मग पुढच्या चाकांनी माती धरली आणि गाडी हळू बाहेर आली. पाळ चढताना मी रेस एकसारखी ठेवली. माथ्यावर एक क्षण फक्त आभाळ दिसलं. खाली काही वाजलं नाही. पलीकडे धानाचे सुके बांध आणि रस्ता.

पिकअपजवळ पोचल्यावर मी गाडी मुद्दाम थांबवली. साडभाऊ माझ्या मागोमाग पाळ उतरून आला होता. गाडीच्या पोटाखाली वाकून त्याने पाटे पाहिले, जास्तीचा पाटा मोजला, पाचरी पाहिल्या. काम त्याला समजलं होतं. समजण्याइतकं मीच शिकवलं होतं. पण तो बोलला ते एवढंच, "हात धुऊन घ्या भाऊ, लई माती हाये."

तलाव माझ्याकडे राहिला. अध्यक्षाने शब्द पाळला. बायकोच्या माहेरच्या लग्नांत मात्र साडभाऊ खड्ड्याचीच गोष्ट सांगतो. मी कसा गुडघ्यावर होतो, फावडं कसं धरलं होतं, सगळं करून दाखवतो. लोक हसतात, माझी बायकोही हसते. पाळ ओलांडल्याचं तो सांगत नाही, आणि मी सांगू लागलो की जेवणाची पंगत बसते.

गाडी मी खाली घेतलेली नाही. एक पाटाही काढलेला नाही. पावसाळ्यात गाळ येतो, खड्डे बुजतात, आणि दर वैशाखात मी ते पुन्हा खणतो. फावडं आता सीटमागे बांधलेलं असतं, जॅकच्या शेजारी.