न छेडलेला गंधार

बुवा गेल्याची बातमी शेजारच्यांच्या फोनवर आली. बुवांची बायको, आमच्या वहिनी, बोलत होत्या, आवाज कुठून तरी खोलातून यावा तसा. लाइनला नावं ठेवत मी फोन ठेवला...

ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. सुनंदा नावाची एक मुलगी तंबोऱ्यावर संशोधन करत होती. तिनं तीन सल्लागार गाठले. बदलापूरचे आमचे गवई बुवा, उल्हासनगर कॅम्प चारमधले कानाचे सिंधी डॉक्टर, आणि अंबरनाथच्या एका कारखान्यात मशीनचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा मी. प्रश्न एकच. चारपैकी एकाही तारेवर न लावलेला गंधार तंबोऱ्यातून ऐकू येतो म्हणतात, तो खरा की भास?

दर रविवारी बुवांच्या मागच्या खोलीत बैठक. तारा छेडता छेडता बुवा डोळे मिटून बोट वर करायचे. "आला." सुनंदा मान डोलवायची, डॉक्टरांच्या अंगावर काटा यायचा. मला मात्र काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही.

"वाजवतंय कोण पण?" मी चिडून विचारायचो.

"ते विचारू नये," बुवा हसून म्हणायचे, आणि दाराकडे बघायचे. खरं सांगतो, मला त्या खोलीची भीती वाटायची. पाचवं कुणी तरी येऊन बोलतंय आणि हे तिघं ऐकताहेत, असं वाटायचं. मी आपला उपरा.

म्हणून मीच हट्ट धरला, आधी सगळ्यांचे कान तपासा. कागदांवर नावं नकोत, नुसते नंबर, नावांची यादी बंद पाकिटात माझ्याकडे. "साईं, नंबर बराबर मिला लेना," डॉक्टरांनी बजावलं होतं. तीन नंबरचा आलेख पार ढासळलेला निघाला. मी यादी उघडलीसुद्धा नाही. सत्तरीचे कान, आणखी कुणाचे असणार? भर बैठकीत मी तो कागद पाकिटासकट बुवांपुढे टाकला. ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. "असेल बाबा," एवढंच म्हणाले. गंधार हा भास, असं मी अहवालात लिहिलं आणि सल्लागारांतून त्यांचं नाव काढायला लावलं. गोष्ट बदलापूरभर झाली. बहिऱ्या गवयाकडे शिकणार कोण? एकेक शिष्य गळाला.

दिवसवार झाल्यावर भेटायला गेलो. वहिनींनी तोच कागद आणि फोडलेलं पाकीट पुढे ठेवलं. "भाऊजी, ह्यांचा नंबर एक होता. तीन तुमचा. त्याच दिवशी म्हणाले मला, कुणापाशी बोलू नकोस, त्याची नोकरी कानांवर आहे."

ती यादी मी तेव्हा पहिल्यांदा वाचली. इतकी वर्षं! एका शब्दानं बोलले नाहीत हो...

"हे गेल्यापासून," वहिनी हळूच म्हणाल्या, "इथं कुणी बोललं की तो बोलतो." तंबोरा कोपऱ्यात उभा होता. माणसाच्या आवाजानं तारा थरथरतात, त्यात विशेष काही नाही, मी सवयीनं सांगून टाकलं.

"तारा दहाव्यालाच उतरवल्यात मी."

पाहिलं, तर खरंच एकही तार नव्हती. माझे हात आपोआप जोडले गेले. "बुवा, चुकलो हो मी. फार चुकलो."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. नजर तंबोऱ्यावर खिळलेली. "ऐकलंत ना, भाऊजी?"

मी भोपळ्याला कान लावला. कितीतरी वेळ लावून बसलो.

"वहिनी," शेवटी म्हणालो, "काय म्हणाले, ते तुम्हीच सांगा मला."