शमुवेलकाका आणि तहकूब सभा

नगरपालिकेच्या सभागृहात माईक लावायचं काम माझं. मी गहिनीनाथ. गावाचं नाव सांगत न्हाई, नोकरी हाय माझी. नगर जिल्ह्यातलं यक तालुक्याचं गाव म्हना अन् सोडून द्या. त्या माईकमधनं इतकी बडबड गेलीय, की यखाद्या दिवशी मशीनच हात जोडंल. मुद्द्याचं बोलनारा मानूस मी तिथं यकच पाह्यला, अन् त्यो नगरसेवक न्हवता.

ते आमचे शमुवेलकाका. साखर कारखान्यातनं रिटायर झालेले फिटर, ख्रिस्ती वस्तीवर राहनारे. कारखाना सुटला पन खाकी शर्ट काय सुटला न्हाई. रविवारी चर्चची घंटा तेच वाजवनार, दुसऱ्यानं दोराला हात लावला की खवळनार. पहिल्यांदा सभा ऐकायला आले तवा माझा माईक कुईकुई करत हुता. तिथनंच वरडले, "आरं, माईक हाय का कुत्र्याचं पिल्लू?" तवापासनं आमची वळख.

त्यांचं काम काय, तर बस. मार्थाकाकूंच्या, म्हंजी त्यांच्या बायकोच्या, दोन्ही किडन्या गेल्या हुत्या. आठवड्यातनं दोनदा डायलिसिस. वस्तीवरनं दवाखान्यापर्यंत नगरपालिकेची यकच बस जायची, तीबी बंद झाली. का? तर गावात लाईट रेल, म्हंजी धाकटी मेट्रो, येनार! रेल्वे स्टेशनापासनं देवस्थानापर्यंत. त्यात नगरपालिकेनं आपला हिस्सा टाकायचा, अन् त्यो बसच्या पैशातनं काढायचा का न्हाई, याचा निकाल लागंपर्यंत बस शेडमधी उभी. आवो, रेल अजून कागदावर, रूळ न्हाई, खांब न्हाई, अन् बस मातर खरीखुरी बंद! डोकं फिरंल न्हाई तर काय हुईल?

नगराध्यक्षा सुकन्याताई रेलवाल्या. विरोधातले भागवतराव बसवाले, पन तेबी तोंडापुरते. रेलला न्हाई म्हनलं तर विकासाचे वैरी, बसला न्हाई म्हनलं तर गरिबाचे वैरी, अन् निवडनूक तोंडावर. मत द्यायची कुनाचीच छाती हुईना. मग भांडायचं कशावर? तर शेवटच्या स्टेशनाला कुनाचं नाव द्यायचं यावर. त्याच्यावरनं खुर्च्या उचलल्या या लोकांनी, अन् माझे दोन माईक फोडले.

त्यात आमच्या सभागृहाची यक रीत. कुनी मोठं मानूस गेलं, की सभेच्या सुरुवातीलाच श्रद्धांजली वाहायची, उभं राहून मौन पाळायचं अन् सभा तहकूब. झालं! ज्या दिवशी बसचं मतदान, त्या दिवशी यांना मेलेलं मानूस सापडायचंच. यकदा माजी नगरसेवक गेले. दुसऱ्या खेपेला भागवतरावांच्या व्याह्याचे वडील. तिसऱ्या खेपेला गावात कुनीच मरंना, तर पार काष्टीच्या बाजारातल्या कुन्या बैलांच्या व्यापाऱ्याला श्रद्धांजली! हद्द झाली राव. काका बाहेर येऊन म्हनले, "गहिनीनाथ, त्या व्यापाऱ्याचं काळं का गोरं त्वांड तरी पाह्यलंय का रं कुनी?"

तिकडं काकूंचे हाल. पुतन्या स्टीफन कांद्याचा टेम्पो चालवायचा. त्यो मोकळा असला तर काकूंना अन् शेजारच्या बनुबाईला त्यात बसवून न्यायचं. बनुबाईलाबी तेच दुखनं. टेम्पो भाड्यानं गेला की दोघींचा खाडा. यकदा मी वस्तीवर गेल्तो, तवा असाच खाडा पडलेला. काकू म्हनत हुत्या, "जाऊ द्या वो, पुढच्या टायमाला जाऊ."

"पुढचा टाईम काय तुझ्या बापानं राखून ठिवलाय?" काका असे वरडले की कोंबड्या पळाल्या. अन् मग गप खाली बसून तिच्या सुजल्या पायाला तेल चोळाया लागले. मला तिथं बसवंना, चहा न घेताच निघालो.

खाडे वाढत गेले. छातीत पानी झालं, अन् काकू गेल्या.

त्यांना माती दिल्यावर आठवड्यातच सभा लागली. बघतो तर काका खाकी शर्टात आपल्या खुर्चीवर हजर! आता या मानसाला बस कशाला पायजे?

भागवतराव उठले, आवाज कापरा केला. "मार्थाबाईंना या सभागृहानं श्रद्धांजली वाहावी, असं मी सुचवतो." सुकन्याताईंचं लगीच अनुमोदन. सगळेच्या सगळे उभे राह्यले. यवढी यकी मी तिथं जन्मात पाह्यली न्हवती. संताप संताप झाला माझा. काकू जित्या हुत्या तवा यातला यकजन तरी उभा राह्यला का?

काका तेवढे बसून हुते. "खाली बसा," ते म्हनले. "रडायला मी हाय. तुमी विषय घ्या. बस सुरू करा, न्हाईतर करनार न्हाई म्हनून तोंडावर सांगा."

"काका, तुमचं दुःख आम्हाला कळतं," सुकन्याताई म्हनल्या. "पण श्रद्धांजलीनंतर कामकाज चालवायचं नाही, अशी इथली परंपरा आहे. पुढच्या सभेत पहिला विषय बसचाच घेऊ."

काका उठले. सरळ माझ्याकडं आले अन् माझ्या हातातनं माईक घेतला. मी अडवलं न्हाई. नोकरी गेली तरी अडवलं नसतं.

"उद्या बनुबाईचा नंबर हाय डायलिसिसला," ते म्हनले. "टेम्पो कांदा घेऊन पुन्याला गेलाय, तिला न्यायला काय न्हाई. तवा जाताजाता यवढा यक ठराव करा. पुढची सभा हुईपर्यंत बनुबाईनं मरायचं न्हाई. कोन सूचक, कोन अनुमोदक? बोला."

सगळे श्रद्धांजलीला उभेच हुते.