उजव्या हातातली मनगटी

निर्मलाताई गेल्याचा फोन परतूरला आला तेव्हा मी वरणाला फोडणी देत होते. फोडणी दिली, गॅस बंद केला, मग खाली बसले. त्याला आता महिना उलटून गेलाय.

ताई फिजिओथेरपिस्ट. ऐंशीच्या दशकात जालन्यात त्यांची एक खोली होती. माझी मीरा जन्मताना खांद्याशी अडकली, ओढताना मानेजवळची नस दुखावली आणि उजवा हात चिंधीसारखा लोंबत राहिला. बारशाला सासूबाईंनी घुंगरांची मनगटी फक्त डाव्या हातात घातली. उजवा दुपट्यात गुंडाळला, नजर लागू नये म्हणून. आता आणखी काय लागायचं राहिलं होतं, देव जाणे.

डॉक्टरांनी ताईंकडे पाठवलं. टेबलावर करंटचं मशीन, शेजारी वाटीत मिठाचं पाणी. सासूबाईंनी बाळ उराशी धरलं. "एवढुशा लेकराला करंट लावून राह्यल्या? म्या बिलकुल लावू देणार न्हाई." ताई वाद घालत बसल्या नाहीत. ओली पट्टी आधी स्वतःच्या हाताला लावली, मग सासूबाईंच्या. सासूबाईंची बोटं आपोआप वर उचलली गेली. त्या बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत राहिल्या... मग त्यांनीच दुपटं सोडलं.

ताईंनी मनगटी डाव्या हातातून काढून उजव्यात घातली. हात हलला तर घरात कुठंही ऐकू आलं पाहिजे, म्हणाल्या. करंटनं हात येईल ना, असं मी विचारलं.

"करंटनं हात येत न्हाई. नस भरली तर येतो. तवर मांस सुकू द्यायचं न्हाई, बस."

मला त्यांचा रागच आला. पॅसेंजरनं एवढं लांब यायचं आणि हे ऐकायचं! पण जात राहिलो. घरात सगळे कान टवकारून वावरायचे. शेजारची शेळी घंटी वाजवत गेली तरी मी पोळी तव्यावर टाकून पाळण्याकडे धावायचे. एका दुपारी धावले तर सासूबाई आधीच तिथं, डोळ्यांना पदर लावून बसलेल्या. घुंगरू वाजत होते.

हात पूर्ण वर गेलेल्या लेकरांच्या मनगट्या ताईंच्या खोलीत खिळ्याला टांगलेल्या असत. दुसरी कसलीच भेट त्या घेत नसत. मीरा चालायला लागल्यावर आम्हीही आमची नेली. ताईंनी बत्तासा उंच धरला. मीराचा हात खांद्यापर्यंत गेला आणि थांबला. मनगटी त्यांनी परत माझ्या हातात दिली. पूर्ण वर गेला की आणा, म्हणाल्या. सासूबाई परतूरपर्यंत धुसफुसत होत्या. हात पुढं तेवढाच राहिला.

परवा मीराला घेऊन त्या खोलीत गेले. ती आता कॉलेजात शिकवते. मशीनवर फडकं झाकलेलं, वाटी पालथी घातलेली. आता कोण नको म्हणणार, म्हणून मी पर्समधून मनगटी काढली आणि टांग म्हटलं. तिनं उजवा हात खिळ्याकडे उचलला, तो खांद्यापाशी थांबला. डाव्यानं सहज जमलं असतं.

"राहू दे, आई. ताईंनी घेतली नसती."

मनगटी मी परत पर्समध्ये टाकली. परतूर येईपर्यंत ती आत वाजत होती.