चुंबकातल्या कामट्या

मार्च १९८६ मध्ये सावली या आमच्या गावी, घराच्या अंगणात एका बुरुडाशी ऐंशी रुपयांचा सौदा ठरला. हजर होते वडील, बुरूड आणि मी. कणत्वरकासाठी, म्हणजे अणूतले कण प्रचंड वेगाने पळवणाऱ्या यंत्रासाठी, मी अतिवाहक चुंबक बनवत होतो. त्याचे वेटोळे द्रव हेलियममध्ये बुडवतात, तेव्हा ते आत खेळावे म्हणून तारांच्या थरांत फटी लागतात. त्या फटी राखणाऱ्या परदेशी पट्ट्या वर्षभर आल्या नव्हत्या, म्हणून मी बांबूच्या बारीक कामट्या तासून घेतल्या.

वेटोळे चालले. माझ्या संशोधन संस्थेच्या लेखा विभागाने मात्र बुरुडाचे बिल परत पाठवले: तीन निविदा नाहीत, बांबूचा वाहतूक परवाना नाही. खिशातून देणे सोपे होते, पण मग चुंबकाच्या हिशेबात बांबू कधीच दिसला नसता. मी अर्ज करत राहिलो.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा बुरूड माझ्यासमोरच वडिलांना म्हणाला, "भाऊ, तुमचा पोरगा मोठा सायंटिस्ट हाये ना? मंग पैशासाठी मले काऊन फिरवून राह्यला?"

हिवाळ्यात संस्थेचा चुंबकावरचा अहवाल छापून आला. त्यात कामट्यांच्या जागी 'आयात पट्ट्या' असे होते. बिल मंजूर झालेच नाही. बुरुडाला ऐंशी रुपये शेवटी वडिलांनी धान विकून दिले.