ओमानच्या घळीत जाण्याआधी

वडील गेले तेव्हा माझा धाकटा भाऊ ओमानहून येऊ शकला नाही. कंपनीने रजा दिली नाही. त्यानंतर आमचं फोनवरचं बोलणं 'जेवलास का' आणि 'आई कशी आहे' एवढ्यावर आलं. एक शब्द जास्त बोललो तर रडू फुटेल, या भीतीने दोघंही फोन लवकर ठेवायचो.

मग एका शुक्रवारी, म्हणजे त्याच्या सुट्टीच्या दिवशी, त्याने एक फोटो पाठवला. वाळवंटातल्या उघड्याबोडक्या डोंगराला वरपासून खालपर्यंत चीर गेलेली आणि तळाशी हिरवं पाणी. हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील इतकी अरुंद घळ. खाली लिहिलं होतं, 'ताई, येशील? पाठीवर सामान घेऊन, या टोकाने आत आणि त्या टोकाने बाहेर.'

मी बोईसरला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये होते. नवऱ्यापासून वेगळी झालेली, भाड्याच्या खोलीत एकटी. खोली, शेअर रिक्षा, लॅब आणि परत खोली. माझ्याकडे पासपोर्टसुद्धा नव्हता. तरी मी लगेच 'हो' लिहिलं. बुडताना हाताला काही लागलं की माणूस ते काय आहे हे बघत नाही, तसं ते 'हो' होतं.

त्यानंतर आम्ही रोज बोलू लागलो. पाणी किती उचलायचं, दोर केवढा घ्यायचा, सामान भिजू नये म्हणून कोणत्या पिशव्या. रविवारी मी सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून शिरगावच्या किनाऱ्यावर कोरड्या वाळूतून चालायचे. खांदे सोलून निघायचे. ओळखीची एक काकू म्हणाली, "पाणी विकायला निघालीस का गं? इथे गिऱ्हाईक तर नाय." घळीत काही ठिकाणी पोहावं लागणार होतं. त्यावरून पालघरजवळच्या माहीमच्या आमच्या वाडीतली विहीर निघाली, पाठीला रिकामा डबा बांधून आम्हाला पाण्यात ढकलणारे वडील निघाले. ते गेल्यावर पहिल्यांदाच आम्ही त्यांच्याबद्दल बोललो, तेही पोहण्याच्या निमित्ताने.

नकाशा बघून बघून घळीची वाट मला पाठ झाली होती. दुसऱ्या डोहानंतर डाव्या हाताला शेळ्यांची पायवाट वर चढते. वरच्या डोंगरात पाऊस झाला, तर घळीत डोक्यावर निळं आभाळ असतानाही पाण्याचा लोंढा येतो, आणि तेव्हा बाहेर पडायला तेवढी एकच जागा.

माझा पासपोर्ट आला त्याच आठवड्यात तो म्हणाला, "ताई, तू यायच्या आधी मी अर्धी वाट बघून येतो. खोलीतला एक मित्र आहे सोबत."

त्या शुक्रवारी मी कामावर होते. आमच्याकडे फोन गेटवर जमा करावे लागतात. जेवणाच्या सुट्टीत गेटवर जाऊन फोन उघडला. त्याचा मेसेज होता, 'आत शिरतोय. आता रेंज जाईल.' सवयीने मी फोनवर तिकडचं हवामान बघितलं. घळीच्या वरच्या डोंगरावर ढग दाटले होते. सकाळी तिथे काहीच नव्हतं.

फोन लागेना. मी त्याच्या खोलीतल्या दुसऱ्या सोबत्याला फोन लावला. तो म्हणाला, "दीदी, इधर तो कड़क धूप है."

"ऊपर पहाड़ में बारिश है. पुलिस को फ़ोन करो, अभी."

तो चाचरत म्हणाला, "वो कंपनी की गाड़ी बिना पूछे ले गए हैं. पुलिस आई तो सबकी नौकरी जाएगी."

मी गेटवर, वॉचमनसमोर, फोनवरच त्या सोबत्याच्या हातापाया पडले. दुसरा शब्द नाही त्याला. "तुम्हारी माँ की क़सम," असलं काहीबाही बोलले. शेवटी तो हो म्हणाला. मी त्याला दुसरा डोह, डावा हात, शेळ्यांची पायवाट हे परत परत म्हणायला लावलं.

लॅबमध्ये परत जाणं शक्य नव्हतं. मी पालघरला आणि तिथून रिक्षाने माहीमला गेले. आई ओटीवर विड्याची पानं निवडत बसली होती. माझं तोंड बघून तिने हात थांबवले.

"काय झालं?"

मी सगळं सांगितलं. तिला या बेताचा पत्ताच नव्हता.

"डोंगरात कशाला गेला तो?"

"मी जायच्या आधी वाट कशी आहे ते बघायला."

आई म्हणाली, "बापाला शेवटचं बघायला रजा नाय मिळाली. आता ह्याला काय झालं तर आपल्याला तरी कोण नेणार हाय तिकडे?" आणि पुन्हा पानं निवडू लागली. चांगली आणि खराब पानं एकाच ढिगात टाकत होती. मी फोन मांडीवर ठेवून देवाला नव्हे, वडिलांना हाका मारत होते.

उन्हं उतरताना अनोळखी नंबरवरून फोन आला. एका मेंढपाळाच्या फोनवरून भाऊ बोलत होता. बोलत कसला, दात वाजत होते. "ताई, आवाज आला आधी. ट्रक आल्यासारखा. आम्ही त्या वाटेने चढलो. मित्र घसरला, पाय मोडलाय त्याचा. पोलीस आलेत." आईने फोन ओढून घेतला, पण तिला काही बोलताच येईना. ती नुसती "हाय ना रे? हाय ना?" करत राहिली.

मित्राचा पाय नीट जुळला नाही. कंपनीने त्याला गावी पाठवलं. भावाची नोकरी राहिली, का राहिली ते त्यालाही कळलं नाही. मित्राच्या घरी फोन करायचं धाडस त्याला अजून होत नाही.

पुढे तो रजेवर आला. एका सकाळी आम्ही दोघं वाडीत उभे होतो. मी विचारलं, "जायचं का रे कधी?" त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वेड्यासारखं काही बोलले होते. मग म्हणाला, "तुला अजून जावंसं वाटतं?"

वाटतं. पण तेव्हा मी नाही म्हणाले. त्याने मान हलवली आणि आईने हाक मारली म्हणून घरात गेला.